कमी पैशांत घेतलेली आणि हाताला बसलेली हत्यारे

रविवारी रिकामा
रविवार, रात्री ९.१०

आपल्याकडे गॅरेज म्हटले की गाडी दुरुस्त करून देणाऱ्याचे दुकान डोळ्यांसमोर येते. घराला जोडून गाडी ठेवण्याची बंद खोली फार थोड्यांच्या वाट्याला येते. माझे गॅरेज म्हणजे पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची मागची बाल्कनी. तिथे कपडे धुण्याचे यंत्र आणि तुळशीची कुंडी यांच्यामधून जी जागा उरते, तीत बिस्किटांच्या पत्र्याच्या तीन डब्यांत माझी सगळी हत्यारे राहतात.

वीसेक वर्षे असा संसार केल्यावर माझा एक आडाखा ठरला आहे. हत्याराचे जे तोंड लोखंडाला चावते, तिथे पैसे वाचवायला जाऊ नये. जे हत्यार नुसते धरते, मोजते, उचलते किंवा खूण करते, तिथे खुशाल वाचवावेत. हा धडा मला फुकट मिळालेला नाही. नोकरीला लागलो त्या वर्षी रस्त्याकडेला चादरीवर मांडलेला आठ पान्यांचा संच मी मोठ्या हुशारीने घासाघीस करून घेतला. पहिल्याच महिन्यात दुचाकीचा एक साधा सहा मिलिमीटरचा बोल्ट सोडवताना त्यातल्या दहा-अकरा पान्याचे तोंड फाकले आणि बोल्टच्या डोक्याचे सहाही कोपरे गोल झाले. शेवटी मेकॅनिकने तो बोल्ट छिन्नीने ठोकून काढला आणि पानासंचाच्या किमतीपेक्षा जास्त मजुरी घेतली. वर "साहेब, पाना कोणता वापरला?" हा प्रश्नही विचारला, तो वेगळाच.

आता स्वस्तात मिळालेल्या आणि अजून टिकून असलेल्या माझ्या तीन वस्तू सांगतो.

पहिली म्हणजे गवंडी वापरतात ती पारदर्शक पाणीनळी. दहा मीटर नळीला मला दीडशेच्या आसपास रुपये पडले. स्वयंपाकघरात कोपऱ्याच्या दोन भिंतींवर एकाच उंचीवर फळ्या बसवायच्या होत्या आणि माझी एक फुटाची पाणसळ (बुडबुड्यावरून पातळी दाखवणारी पट्टी) कोपरा ओलांडू शकत नव्हती. नळीत पाणी भरून दोन्ही टोके दोन भिंतींना लावली की पाण्याची पातळी आपोआप सारखी होते. तिला बॅटरी लागत नाही आणि ती खोटेही बोलत नाही. अट एकच आहे, की नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला तर दोन टोकांत बोटभर फरक पडतो आणि आपण भिंतीला नावे ठेवत बसतो. पाण्यात थोडी निळ घातली की पातळी लांबूनही दिसते.

दुसरी वस्तू पूर्णपणे फुकटची आहे. बिघडलेल्या स्पीकरमधले गोल चुंबक मी काढून ठेवले होते. घरातल्या स्टीलच्या वाट्यांपैकी ज्या वाटीला चुंबक चिकटत नाही, अशी एक शोधली आणि ते चुंबक तिच्या बुडाला बाहेरून चिकटवले. गाडीचे काम करताना सुटे स्क्रू आणि वायसर या वाटीत टाकतो. वाटी कलंडली तरी ते जागचे हलत नाहीत, कारण चुंबकाची ओढ त्या स्टीलमधून आरपार जाते.

तिसरी वस्तू जुन्या बाजारातली आहे. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात एका ढिगाच्या तळाशी मला सोळा-सतरा मापाचा एक रिंग पाना सापडला. गंजाखालच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, तर 'वेस्ट जर्मनी' असे उमटलेले होते. ते राष्ट्र १९४९ ते १९९० एवढीच वर्षे त्या नावाने ओळखले जात होते, म्हणजे पाना निदान पस्तीस वर्षांचा असणारच. विक्रेत्याने शंभर सांगितले आणि साठात दिला. आजही तो नटावर असा बसतो, की बसल्यावर हलत नाही.

तुम्ही कमी पैशांत घेतलेले आणि आजही हाताशी असलेले हत्यार कोणते? कुठे मिळाले, आणि ते का टिकले असे तुम्हाला वाटते, हेही लिहावे.


सातपूरचा फिटर
रविवार, रात्री १०.३५

आडाखा चांगला आहे, पण अर्धा आहे. चावणारे हत्यार महागच असते, असे नाही. ते ओळखीच्या घरचे असावे, एवढेच. लोखंड घासायची कानस आणि हॅक्सॉचे, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचे, पाते ही दोन्ही चावणारीच हत्यारे आहेत, आणि पेटीतली सर्वांत स्वस्त हत्यारेही तीच. जेके कंपनीच्या कानशी आपल्या रत्नागिरीत आणि चिपळूणमध्ये बनतात. गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानातही त्या मिळतात, आणि एक कानस घरगुती वापरात कित्येक वर्षे पुरते. मात्र ती नीट वापरली पाहिजे.

कानस पुढे जाताना कापते, मागे येताना कापत नाही. परतीच्या फेरीतही दाब दिला तर दातांची धार मरते, म्हणून मागे आणताना हात हलका उचलावा. आयटीआयमध्ये सुरुवातीचे कित्येक आठवडे आम्हाला एकच लोखंडी ठोकळा घासून काटकोनात आणायला लावत. हाताची ही सवय लागेपर्यंत मास्तर पुढचे काही शिकवत नसत. ॲल्युमिनियम किंवा मऊ लोखंड घासायचे असेल तर आधी कानशीवर खडू चोळावा. त्यामुळे कीस दातांत अडकून बसत नाही. बिनमुठीची कानस कधीही वापरू नये. तिचे शेपूट तळहातात घुसते, आणि ती जखम फार वाईट असते. मुठीला फार तर वीस रुपये पडतात.

हॅक्सॉच्या पात्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. पाते बसवताना दात पुढच्या दिशेला असावेत, मुठीकडे नव्हे. अर्ध्या घरांत मी ते उलटे बसवलेले पाहतो. दुसरे असे, की पात्यावर इंचाला अठरा, चोवीस किंवा बत्तीस दात असतात, आणि कापायच्या वस्तूच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दात टेकले पाहिजेत. पातळ पत्र्याला किंवा नळीला अठरा दातांचे पाते लावले तर दात कडेत अडकून मोडतात, आणि मग लोक पात्याला दोष देतात. तीन मिलिमीटरच्या अँगलला चोवीस दातांचे पाते घ्यावे, आणि त्याहून पातळ मालाला बत्तीसचे.

पान्यांच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत आहे. पुरा संच घेण्यापेक्षा आपल्या गाडीला लागणारे चार-पाच पानेच चांगल्या कंपनीचे सुटे घ्यावेत, तेवढ्याच पैशांत काम होते. आमच्या नाशिकच्या टपारियाने स्वीडनच्या बाको कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरुवात केली होती. आज आपण वापरतो तो जबडा कमीजास्त होणारा स्क्रू पाना त्याच बाकोच्या परंपरेतला. योहान पेटर योहान्सन या स्वीडिश माणसाने १८९२ साली त्याचे पेटंट घेतले. हा पानाही बहुतेक जण उलटा धरतात. जोर नेहमी स्थिर जबड्यावर आला पाहिजे, म्हणजे पाना सरकत्या जबड्याच्या दिशेने फिरवावा. उलटा फिरवला की सरकता जबडा हळूहळू सैल होतो, आणि मग नट गोल होतो.


टाचणी
रविवार, रात्री ११.०२

माझ्याकडे गाडी नाही, त्यामुळे माझी सगळी हत्यारे नळ, मिक्सर आणि खिडक्यांच्या बिजागऱ्यांसाठी आहेत. सर्वांत लाडके हत्यार म्हणजे दंतवैद्य वापरतात तसला लहान गोल आरसा. शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानातून तो ऐंशी रुपयांना आणला. बेसिनच्या खाली मान घालून झोपल्याशिवाय पाणी कुठून ठिबकते ते दिसत नसे, ते आता आरशात दिसते.

एक प्रश्न आहे. रस्त्यावर घेतलेल्या माझ्या मोजपट्टीच्या टोकाचा पत्र्याचा आकडा सैल आहे आणि मागेपुढे हलतो. रिव्हेट ठोकून तो घट्ट करून घ्यावा का?


अर्धा इंची
सोमवार, सकाळी ७.४८

टाचणीताई, कृपया ठोकू नका. तो आकडा मुद्दाम सैल ठेवलेला असतो. आकड्याच्या पत्र्याची जेवढी जाडी, तेवढाच तो मागेपुढे सरकतो. फळीच्या कडेला आकडा अडकवून पट्टी ओढली की तो बाहेर सरकतो, आणि कपाटाच्या आत टेकवून मोजले की आत सरकतो. त्यामुळे दोन्ही वेळा माप बरोबर येते. मी एकदा हाच पराक्रम केला होता आणि पुढचे वर्षभर माझी प्रत्येक फळी एक मिलिमीटरने चुकत होती.

पट्टी खरी आहे का हे पाहायचे असेल, तर घरातल्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून पुढचे अंतर ताडून पाहा. म्हणजे आकड्याचा प्रश्नच येत नाही. पाणसळीची परीक्षाही अशीच सोपी आहे. ओट्यावर ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहायचे, मग तीच पाणसळ त्याच जागी उलट टोकाने फिरवून ठेवायची. बुडबुडा दोन्ही वेळा ओट्याच्या एकाच बाजूला तेवढाच सरकला तर ओटा तिरका आहे, आणि बाजू बदलली तर पाणसळ खोटी आहे. दुकानात उभे राहूनच ही परीक्षा घ्यावी. दुकानदार जरा त्रासिक चेहरा करतो, पण करू द्यावा.


बोथट पटाशी
सोमवार, दुपारी १.२०

धार लावण्याचे माझे साधन जवळपास फुकटचे आहे. काच बसवणाऱ्याकडून जाड काचेचा एक तुकडा मागून आणला. रंगाच्या दुकानातून पाण्यात वापरायचा काळा पॉलिश पेपर २२०, ४००, ८०० आणि २००० नंबरचा घेतला. प्रत्येक कागदाला चहाच्या एका कपाएवढे पैसे पडले. काचेवर पाणी शिंपडले की कागद आपोआप चिकटून बसतो.

पटाशी, म्हणजे लाकूड तासायची सुतारी छिन्नी, जुन्या सामानातून वीस रुपयांना मिळालेली होती आणि तिच्या धारेला दोन खड्डे होते. आधी तिची सपाट बाजू २२० नंबरवर घासली. ती सगळीकडून सारखी चमकू लागेपर्यंत दुसऱ्या बाजूला हात लावला नाही, कारण धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभागांची भेट. एक पृष्ठभाग वाकडा असेल तर दुसरा कितीही घासला तरी उपयोग होत नाही. मग उताराची बाजू साधारण पंचवीस अंशांच्या कोनात धरून घासत गेलो. सपाट बाजूवरून बोट बाहेरच्या दिशेने फिरवले की धारेच्या पूर्ण रुंदीवर एक अतिसूक्ष्म कंगोरा लागतो. तो सगळीकडे लागला, म्हणजे त्या नंबरचे काम संपले आणि पुढचा कागद घ्यायचा. शेवटी २००० नंबरवर दोन्ही बाजू हलक्या हाताने आलटून पालटून घासल्या की कंगोरा गळून पडतो. सागाच्या टोकावरची आडवी नस आता न तुटता पापुद्र्यासारखी निघते. हे पहिल्यांदा झाले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले. कोणालाही काही विशेष वाटले नाही.

विजेच्या सहाणेवर मात्र पटाशी घासू नका. धार निळी पडली की तिचे पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरले म्हणून समजा, आणि उतरलेले पाणी घरी परत चढवता येत नाही.


दापोलीकर
सोमवार, रात्री ८.१५

आमच्याकडे चार महिने हवेतच पाणी असते, त्यामुळे हत्यार स्वस्त की महाग याला फारसा अर्थ राहत नाही. जे तेल पिऊन झोपते तेच टिकते. पूर्वी मी खोबरेल लावत असे, कारण घरात तेच होते. थंडीत ते थिजते, पुढे चिकट होते आणि मग त्यावर धूळ बसते. आता शिलाई मशीनचे तेल लावतो. लाकडी दांड्यांना जवसाचे तेल उत्तम. पण ते पुसलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना गरम होते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

गंजलेल्या हत्यारासाठी किराणा दुकानातले लिंबूफूल पुरते. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम विरघळवून हत्यार रात्रभर बुडवून ठेवावे आणि सकाळी तारेच्या ब्रशने घासावे. गंज काळपट गाळासारखा निघून जातो. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून काढावे, उन्हात खडखडीत वाळवावे आणि तेल लावावे. यातली एकही पायरी गाळली तर संध्याकाळपर्यंत नवा तांबडा गंज दिसायला लागतो. क्रोमचा मुलामा सुटत आलेल्या पान्याला आणि कोणत्याही स्प्रिंगला या पाण्यात ठेवू नये. मुलामा आणखी सोलतो आणि कडक स्प्रिंग ठिसूळ होते.

माझी सर्वांत चांगली खरेदी म्हणजे कोयता. दिवाळीनंतर घिसाडी लोहारांचे पाल आमच्या रस्त्याकडेला पडते. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा नेऊन दिला, आणि लोहाराने माझ्यासमोर तो तापवून, घडवून, फक्त धारेच्या बाजूला पाणी देऊन कोयता केला. पाठ मुद्दाम मऊ ठेवली, म्हणजे नारळावर घाव बसला तरी पाते तडकत नाही. कारभारी भाता मारत होता आणि बाई घणाचे घाव घालत होती. दोघांच्या तालात कधी चूक झाली नाही. पैसे अडीचशे दिले. घरी आल्यावर धारेवर कानस फिरवून पाहिली, तर ती घसरली नाही आणि खोल रुतलीही नाही, जेमतेम चावली. असे असले की पाणी बेताचे बसले आहे असे समजावे. हा कोयता आता आठव्या पावसाळ्यात आहे.


एडिसनवासी
मंगळवार, पहाटे ५.३०

न्यू जर्सीहून लिहितो आहे. इथे घराला गॅरेज आहे, पण त्यात गाडी सोडून बाकी सगळे आहे. शनिवारी सकाळी लोक घरासमोर जुने सामान मांडून बसतात. वयस्क माणसाच्या घरचे सामान असेल तर मी आधी तळघरातली पेटी विचारतो. पूर्वी सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीतून विकली जाणारी क्राफ्ट्समन ही हत्यारे १९२७ पासूनची. २०१७ साली हे नाव स्टॅनले ब्लॅक अँड डेकरने घेतले. जुन्या काळच्या क्राफ्ट्समन रॅचेटमध्ये (एकाच दिशेला पकडणाऱ्या दातेरी पान्यात) आजही दात खणखणीत वाजतात. दोन डॉलरना घेतलेले एक रॅचेट मी उघडून, रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडले. जोडताना एक बारीक गोळी आणि तिची स्प्रिंग उडाली आणि ती शोधायला अर्धी दुपार गेली. रविवारी रिकामा यांची चुंबकाची वाटी मला त्याच दिवशी हवी होती.

भारतात नातेवाइकांसाठी हत्यारे आणणाऱ्यांसाठी एक सूचना. इथल्या पेट्यांत इंची माप असते. पाऊण इंचाचा पाना एकोणीस मिलिमीटरच्या नटाला चालतो आणि पाच-सोळांश इंचाचा आठला चालतो, कारण फरक नगण्य असतो. तीन-अष्टमांश इंच म्हणजे मात्र साडेनऊ मिलिमीटर, आणि तो दहाच्या नटावर चढतच नाही. अर्धा इंच तेराच्या नटावर जात नाही, बारावर ढिला होतो आणि नट गोल करतो. आपल्या दुचाकींना दहा आणि बाराच जास्त लागतात, त्यामुळे इंची पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी तिकडे नेऊ नये. मिलिमीटरची असेल तर आणावी, आणि ती सामानाच्या मोठ्या बॅगेत ठेवावी. इथल्या विमानतळावर सात इंचांपेक्षा लांब हत्यार हातातल्या बॅगेत चालत नाही. माझा एक लांब दांड्याचा पाना तिथेच राहिला आहे.


आरएक्सवाला
मंगळवार, सकाळी १०.४०

माझ्याकडे १९९० सालची यामाहा आरएक्स १०० आहे आणि तिच्या इंजिनाच्या झाकणाचे स्क्रू हा माझ्या आयुष्यातला एक स्वतंत्र अध्याय आहे. हे स्क्रू दिसायला अधिक चिन्हाच्या खाचेचे, म्हणून आपण साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लावतो. पण ती खाच जपानी मानकाची असते. फिलिप्सचे टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर चढते आणि खाच खाऊन टाकते. काही जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, ती ओळख लक्षात ठेवावी.

माझी चारशे रुपयांची सर्वांत उपयोगी खरेदी म्हणजे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो स्क्रूवर ठेवून वरून हातोडी मारली की टोक खाचेत खोल दाबले जाते आणि त्याच क्षणी थोडेसे फिरते. दाब आणि फिरकी एकत्र आल्यामुळे खाच खराब होत नाही. आधी रात्रभर रॉकेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण सोडून ठेवले, तर दोन-तीन घावांत स्क्रू सुटतो. बसवताना मात्र तो वापरू नये. झाकण ॲल्युमिनियमचे असते, तडकते.


टाचणी
मंगळवार, दुपारी ४.०५

अर्धा इंची यांचे आभार, हातोडी परत ठेवली आहे. चाळीस रुपयांचा टेस्टर घेतला आहे, तो विश्वासाचा असतो का?


सातपूरचा फिटर
मंगळवार, रात्री ९.००

टेस्टर हे 'आहे' सांगायला बरे हत्यार आहे, 'नाही' सांगायला नव्हे. त्यातला निऑनचा दिवा आपल्या अंगातून जाणाऱ्या अतिशय कमी प्रवाहावर पेटतो. आपण लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभे असू, किंवा आतला रोध बिघडलेला असेल, तर तारेत वीज असूनही तो पेटेलच असे नाही. शिवाय शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या तारेमुळे कधी कधी बंद तारेवरही मंद उजेड दिसतो. म्हणून आधी चालू असलेल्या प्लगात टेस्टर घालून तो पेटतो याची खात्री करावी, मग काम करायच्या जागी पाहावे, आणि पुन्हा चालू प्लगात पाहावे. मेन स्विच तर बंद करावाच.

पकडीच्या दांड्यांवर रंगीत प्लॅस्टिक चढवलेले असते, ते हाताला मऊ लागावे म्हणून. ज्या पकडीवर १००० व्होल्टची खूण छापलेली असते, तीच विजेच्या कामासाठी तपासलेली असते. इतर पकडींच्या प्लॅस्टिकवर जीव टाकू नये. ही एक जागा अशी आहे, की जिथे मी कोणालाही स्वस्त माल घे असे सांगणार नाही.

रविवारी रिकामा, तुम्ही शेगड्याचा, म्हणजे वस्तू जबड्यात आवळून धरणाऱ्या व्हाइसचा, उल्लेखच केला नाहीत. घरी शेगडा नसेल तर बाकी सगळी हत्यारे अर्धीच आहेत. दुसऱ्या हाताने वस्तू धरून कानस चालवता येत नाही. जुन्या बाजारात चार इंची शेगडा मिळेल. घेताना जबडे मिटवून उजेडासमोर धरा, फट सारखी दिसली पाहिजे. स्क्रू पूर्ण बाहेर काढून त्याच्या मधल्या भागाचे आटे पाहा, झीज तिथेच जास्त असते. आणि शेगड्याचे अंग बिडाचे असते, म्हणून तो दोरीने टांगून लहान हातोडीने हलके वाजवा. खणखणीत वाजला तर घ्या. बद्द आवाज आला तर कुठे तरी तडा आहे, मग वरचा रंग कितीही ताजा असो. किंबहुना रंग ताजा असेल तर जास्तच वाजवा.


रविवारी रिकामा
बुधवार, रात्री ८.५०

आज अर्धी रजा टाकून जुन्या बाजारात जाऊन आलो. फिटरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे नाड्याची दोरी आणि हातोडी खिशात होतीच. पहिला शेगडा हिरव्यागार ताज्या रंगाचा, विक्रेता बाराशे म्हणत होता. दोरीला टांगून वाजवला तर मडके वाजावे तसा आवाज आला. नखाने रंग खरवडला, तर मागच्या बाजूला वेल्डिंगची रेघ दिसली. विक्रेता हसला आणि म्हणाला, "देवळात आलात का घंटा वाजवायला?" पण त्यानेच पलीकडच्या म्हाताऱ्या विक्रेत्याकडे बोट दाखवले.

त्याच्याकडचा शेगडा गंजलेला, बिनरंगाचा, आणि फिरवायची दांडी हरवलेला होता. वाजवला तर आजूबाजूच्या दोघांनी वळून पाहिले. जबड्यांत खालपासून वरपर्यंत केसाएवढी सारखी फट होती आणि आटे मधोमध थोडेसेच चमकत होते. साडेआठशेला मिळाला. आठेक किलोचे हे धूड पिशवीत घालून बसने आणताना पिशवीचा बंद तुटला आणि वाहकाने माझ्याकडे बराच वेळ संशयाने पाहिले.

तो कुठे बसवायचा हा प्रश्न होता. बाल्कनीच्या कठड्याला भोके पाडायला घरातून सक्त मनाई आहे. तूर्त दीड इंच जाडीच्या सागाच्या फळीवर बोल्टने बसवला आहे, आणि ती फळी स्वयंपाकघरातल्या जुन्या लाकडी टेबलाला दोन सी-क्लॅम्पने आवळली आहे. जेवायच्या वेळी ती काढून ठेवायची, असा करार झाला आहे.

दांडीसाठी भंगारवाल्याने बारा मिलिमीटर सळईचा तुकडा फुकट दिला. त्याच शेगड्यात तो धरला आणि हॅक्सॉमध्ये चोवीस दातांचे पाते लावताना पाहिले, तर माझ्या जुन्या पात्याचे दात इतकी वर्षे मुठीकडे होते. पाते फिरवून लावले आणि तुकडा कापला. कापलेल्या टोकाची धार मारायला कानस घेतली, आणि पहिल्याच परतीच्या फेरीत दाब देऊन ती खर्रकन मागे ओढली. मग फिटरसाहेबांचे वाक्य आठवले आणि दुसऱ्या फेरीपासून हात उचलू लागलो. दांडी आता बसली आहे, पण दोन्ही टोकांना अडणी नसल्यामुळे फिरवताना सरकून पायावर पडते. तिथे काय बसवावे, ते कोणी सांगेल का?


सातपूरचा फिटर
बुधवार, रात्री ९.३०

दोन्ही टोकांना अर्ध्या इंचापर्यंत आटे पाडून त्यावर बारा मिलिमीटरच्या चाक्या (नट) चढवा आणि टोक ठोकून पसरवा. आटे पाडायचा डाय चौकातल्या वर्कशॉपवाल्याकडे असेल, तो चहाच्या पैशांत करून देईल. तोपर्यंत बूट घालून काम करा.